मिरची : गॅलरीत आणि जिभेवर

गिरगावातून कधी फेरफटका माराल तर तेथील जुन्या गल्ल्यांच्या नावांकडे जरा लक्ष द्या. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट! ‘भाट’ म्हणजे बागायतीची जमीन. जेथे पुढे चाळीला चाळ लागली आणि आता चाळी पाडून उंच इमारती उठत आहेत, तेथे एके काळी झाडे होती, भाजीपाला होता, हे ही नावे सांगतात. या यादीत फळे आहेत, कडधान्य आहे, कांदा आहे. मिरची मात्र नाही. आणि गंमत अशी, की आज गिरगावात फणस, केळी किंवा मूग लावणारा शोधून सापडणार नाही. पण चाळीच्या कठड्यावर, तेलाच्या जुन्या डब्यात वाढलेले मिरचीचे रोप मात्र हमखास दिसेल.

मिरची आपल्याकडे आली तीच उशिरा. ज्ञानेश्वरांच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकात, महाराष्ट्रातल्या एकाही स्वयंपाकघरात मिरची नव्हती. पदार्थ तिखट करायचा तर मिरी, पिंपळी, आले आणि मोहरी यांवर भागवावे लागे. मिरचीचे माहेर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. तेथील लोक सहा हजार वर्षांहून अधिक काळ ती खात आले आहेत. १४९२ साली कोलंबस निघाला होता मिरी आणि मसाले मिळवायला; हाती लागली मिरची. तो तिला मिरीचीच एक जात समजला. आपण तरी काय वेगळे केले? मिरीवरूनच तिला ‘मिरची’ म्हटले. १५१० साली गोवा आणि १५३४ साली मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या जहाजांतून आलेले हे बी गोव्यामार्गे इकडे पसरले. मुंबईकडे तिला पूर्वी ‘गोवाई मिरची’ म्हणत असत ते त्यामुळेच. अवघ्या चारपाचशे वर्षांत या परकी फळाने आपल्या ताटात अशी जागा मिळवली, की वाटलेल्या सुक्या मिरचीलाच आपण नुसते ‘तिखट’ म्हणतो!

पण तिखट म्हणजे नक्की काय? गोड, आंबट, खारट, कडू यांच्यासारखी ती एक चव आहे, असे तुम्ही म्हणाल. आपल्या परंपरेतील सहा रसांतही तिची गणना आहे. शरीरविज्ञान मात्र आता असे सांगते, की तिखट ही चव नव्हेच. गोड आणि खारट ओळखणारी रुचिकलिका फक्त तोंडात असते. ठेचा केल्यावर बोटे चुरचुरतात, चुकून डोळ्याला हात लागला तर आग होते, तेथे कुठे आली रुचिकलिका? चव असती तर ती डोळ्याला कशी कळली असती?

याचे उत्तर १९९७ साली मिळाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील शाखेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी मिरचीतील तिखट द्रव्य मज्जातंतूला कसे चेतवते याचा शोध घेत होते. त्यांना मज्जातंतूच्या आवरणावर एक प्रथिन सापडले. ते एखाद्या झडपेसारखे असते. एरवी ती झडप मिटलेली असते. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ती उघडते, मज्जातंतूमधून संदेश जातो आणि मेंदूला कळते : भाजते आहे, सावध हो! मिरचीतील द्रव्य हीच झडप उघडते, तीही तापमान मुळीच न वाढवता. म्हणजे तुमच्या घरात आग लागलेली नसताना कोणीतरी आगीच्या घंटेची दोरी ओढावी, तसा हा प्रकार. मेंदू बिचारा घंटेवर विश्वास ठेवतो. घाम फुटतो, नाक वाहू लागते, डोळ्यांत पाणी येते. या शोधाबद्दल ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. स्पर्शाच्या जाणिवेवर काम करणारे आर्डेम पॅटापुटियन त्यांचे सहमानकरी होते.

आपल्या भाषेने हे आधीच ओळखले होते असे म्हणावेसे वाटते. मिरची लागली की आपण ‘तोंड भाजले’, ‘जीभ पोळली’ असेच म्हणतो. ‘तिखट’ हा शब्दही ‘तीक्ष्ण’ या शब्दापासून आलेला, म्हणजे सुरीच्या धारेचा सोयरा.

त्या द्रव्याचे नाव कॅप्सेसिन. ते मिरचीत कोठे असते? बहुतेक जण ‘बियांत’ असे सांगतील. एक हिरवी मिरची उभी चिरून पाहा. आत देठाकडून खाली उतरणारी पांढरट शीर दिसेल, तिलाच बिया चिकटलेल्या असतात. कॅप्सेसिन तयार होते ते या पांढऱ्या भागात. बियांना ते केवळ सहवासाने लागते. ही शीर देठाकडे जाड आणि टोकाकडे बारीक असते. म्हणून मिरचीचे टोक चावून ‘काही तिखट नाही हो’ म्हणणाऱ्याची पुढच्या घासाला फजिती होते. ढोबळी मिरची आणि आपली ज्वाला मिरची या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत. ढोबळीत एका जनुकातील बिघाडामुळे कॅप्सेसिन बनतच नाही, एवढाच फरक.

आता झाडाच्या बाजूने विचार करा. फळ करायचे ते कोणीतरी खावे आणि बी दूर नेऊन टाकावे म्हणून. मग त्यात खाणाऱ्याचे तोंड पोळणारे द्रव्य कशाला घालायचे? पिंजऱ्यातल्या पोपटाला आनंदाने मिरची खाताना तुम्ही पाहिले असेल. त्याला काहीच कसे होत नाही? पक्ष्यांमध्येही ती झडप असते, उष्णता तिला कळते. परंतु तिची घडण थोडी निराळी असल्याने कॅप्सेसिनला ती दाद देत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अॅरिझोनातील रानमिरचीवर पाळत ठेवली गेली. उंदरांनी तिला तोंड लावले नाही. पक्ष्यांनी मात्र ती खाल्ली. उंदरांना तिखट नसलेली मिरची खायला घातली तेव्हा त्यांनी बिया चावून टाकल्या, त्यांतील एकही रुजली नाही. पक्ष्यांच्या पोटातून गेलेल्या बिया मात्र चांगल्या रुजल्या. म्हणजे तिखटपणा ही एक प्रकारची निवड आहे : तू ये, तू येऊ नकोस. दुसरा शत्रू म्हणजे बुरशी. बोलिव्हियातील रानमिरचीवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले, की किडे फळाला सोंड खुपसतात, त्या भोकातून बुरशी आत शिरते आणि बी नासवते. कॅप्सेसिन त्या बुरशीला आवर घालते. सस्तन प्राण्यांना दूर ठेवण्यासाठी केलेल्या या बंदोबस्ताला एका सस्तन प्राण्याने जुमानले नाही. तो प्राणी म्हणजे आपण.

आता ही मिरची घरी लावू या.

बी विकत आणायला हवेच असे नाही. स्वयंपाकघरातल्या सुक्या लाल मिरचीचे बी चालते, मात्र ती भाजलेली नसावी. हिरव्या मिरचीचे बी कच्चे असते, ते रुजत नाही. (दुकानाच्या दारावर लिंबाबरोबर टांगलेल्या हिरव्या मिरच्यांतून रोप का उगवत नाही, याचे कारणही कळले ना!) बाजारी मिरची संकरित वाणाची असेल तर तिच्या बियांपासून येणारी झाडे एकसारखी निघतीलच असे नाही, हे ध्यानात ठेवा. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, माती ओलसर ठेवा. आठदहा दिवसांत कोंब दिसतील. महिना-सव्वा महिन्याने, रोप वीतभर होऊन त्याला पाचसहा पाने फुटली, की ते मोठ्या डब्यात हलवा. रंगाची रिकामी बादली स्वच्छ धुऊन घेतली तरी चालेल. खोली किमान २५ सेंटिमीटर असावी आणि तळाला चारपाच भोके पाडावीत. भोकांचा आळस करू नका. पाणी साचून मुळे कुजणे हे गॅलरीतल्या मिरचीच्या मरणाचे पहिले कारण आहे. माती आणि चांगले कुजलेले खत सारख्या प्रमाणात, आणि त्यात थोडी वाळू.

खरा प्रश्न उन्हाचा. मिरचीला रोज पाचसहा तास ऊन लागते, आणि गिरगावातल्या वाड्यांत ऊन ही दुर्मीळ वस्तू. तेव्हा पेरण्यापूर्वी थोडी भूमिती करा. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण १५ मे ते २८ जुलै या काळात दुपारच्या बारा-साडेबाराला सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो! म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या, वर छप्पर असलेल्या गॅलरीत त्या दिवसांत भर दुपारी ऊन शिरतच नाही. याउलट २१ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, आणि त्याची क्षितिजापासूनची उंची ९० − १९ − २३.५ म्हणजे ४७.५ अंश असते. ऊन तिरपे होऊन गॅलरीत आतपर्यंत येते. आता समजा, समोरची इमारत १२ मीटर उंच आहे आणि ६ मीटर अंतरावर आहे. तळमजल्यावरचा डबा जमिनीपासून १ मीटर उंचीवर असेल तर समोरच्या इमारतीचे टोक त्याला सुमारे ६१ अंशांवर दिसेल. सूर्य ४७.५ अंशांवर, म्हणजे तो इमारतीमागेच दडणार. दुसऱ्या मजल्यावर, ७ मीटर उंचीवर ठेवलेल्या डब्याला तेच टोक ४० अंशांवर दिसते. तेथे ऊन मिळेल. वहीत आकृती काढा, स्पर्शज्येचे कोष्टक घ्या आणि आपल्या गॅलरीचा हिशेब मांडा. चाळीच्या जागी बुरूज उभे राहू लागल्यापासून समोरची ‘१२ मीटर’ ही संख्या बदलत चालली आहे; शेजारच्या जुन्या इमारतीतल्या कुंड्यांना त्याची झळ आधी कळते.

हा हिशेब पाहता दक्षिणमुखी गॅलरीवाल्यांनी गणपती उठल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास बी पेरावे. जुलैतला धो धो पाऊस टळतो, आणि पेरल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांनी फुले येतात तेव्हा थंडीला सुरुवात झालेली असते. ते महत्त्वाचे आहे. रात्रीही हवा २४-२५ अंशांच्या वर राहू लागली की मिरचीची फुले गळतात. मे महिन्यात ‘झाड छान आहे पण मिरचीच धरत नाही’ अशी तक्रार ऐकू येते ती यामुळे. नत्राचे खत अधिक झाले तरी असेच होते : पाने हिरवीगार, फळ नाही. तिसरे कारण बंद खिडक्या. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण पराग झडायला वाऱ्याचा झोका किंवा मधमाशी हवी. अकराव्या मजल्यावरच्या काचेआड दोन्ही नाहीत. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलाच्या दांड्याला बोटाने हलकेच टिचकी मारा, काम होते.

पाने वरच्या बाजूला वळून आकसली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी, अशी एक ढोबळ खूण आहे. शेतकरी या आकसण्याला ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात. पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुवावी. एक लिटर पाण्यात एक चमचा निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण घालून सायंकाळी फवारावे. मात्र पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू झाडात शिरला असेल तर औषध नाही, झाड उपटून टाकलेले बरे. शेजाऱ्याची झाडे तरी वाचतील.

फूल गळून फळ धरल्यावर महिन्याभरात हिरवी मिरची तोडता येते. आणखी दोनतीन आठवडे ठेवली तर ती लाल होते. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते. हंगेरीच्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांना हे जीवनसत्त्व अभ्यासापुरतेही मिळेनासे झाले होते. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी तेथल्या लाल मिरचीपासून ते किलोच्या हिशेबाने काढले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाळवताना हे जीवनसत्त्व बरेचसे जाते, रंग आणि तिखटपणा मागे राहतात. रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लालबागच्या मिरची गल्लीतले गिऱ्हाईक तुम्हांला पुस्तकाशिवाय सांगेल. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा मसाला करायला लोक तेथे येतात. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, मधे संकेश्वरी किंवा पांडी, असे प्रमाण प्रत्येक घराचे ठरलेले. बेडगी हे कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातले गाव, संकेश्वर बेळगावकडचे. मिरच्या कांडप यंत्राखाली गेल्या की गल्लीभर ठसका उठतो. ती मिरचीची बारीक पूड नाकाघशाच्या त्याच झडपांवर जाऊन बसते.

स्वयंपाकाचे रहस्य एका वाक्यात आहे : कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. आई मिरची फोडणीत घालते ती म्हणूनच. तेलात उतरलेले तिखट सगळ्या भाजीत सारखे पसरते. तीच मिरची उकळत्या आमटीत वरून टाकली तर चावेल त्यालाच लागते. आणि तिखट लागल्यावर घटाघटा पाणी पिऊन काही होत नाही, ते कॅप्सेसिनला धुऊन नेत नाही. दूध, दही, ताक यांतील केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून जिभेवरून उचलते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत साय काढलेले दूधही सायीच्या दुधाइतकेच उपयोगी ठरले. म्हणजे श्रेय केवळ स्निग्धांशाचे नाही.

मग लग्नातल्या जेवणावळीच्या मठ्ठ्याकडे पुन्हा एकदा पाहा. ताकात आले, कोथिंबीर, मीठ आणि वाटलेली हिरवी मिरची! घंटा वाजवणारा आणि घंटा थांबवणारा एकाच पेल्यात. म्हणून तिखट असूनही मठ्ठा पोळत नाही. सोलकढीत हीच कामगिरी नारळाच्या दुधातील स्निग्धांश करतो, कोकमाचा आंबटपणा तोंडाला पाणी सोडतो, आणि मिरचीचा नुसता हलका चटका उरतो. मेक्सिकोतील अॅझ्टेक लोक कोकोच्या पेयात मिरची घालत, तेव्हा मिरची पिण्याची कल्पना आपल्या एकट्यांची नव्हे. सांडगी मिरची हा तर सुंदर प्रयोगच आहे. मिरचीला चीर देऊन मिठाच्या आंबट दह्यात किंवा ताकात बुडवायचे, दिवसा उन्हात वाळवायचे, रात्री पुन्हा ताकात. मीठ परासरणाने फळातले पाणी ओढून घेते, आम्ल नासवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाही, ऊन उरलेले पाणी नेते. चारपाच दिवसांत जी मिरची तयार होते ती वर्षभर टिकते. गॅलरीतल्या दोन झाडांना एकदम वीसपंचवीस मिरच्या आल्या तर याहून चांगला उपयोग नाही.

मिरच्या हाताळताना बोटांना आधी थोडे तेल चोळा. आग होऊ लागलीच तर तेल लावून मग साबणाने धुवा. डोळ्याला लागले तर चोळू नका, भरपूर गार पाणी मारा. घरात तान्हे मूल असेल तर ठेचा करणाऱ्याने त्याला लगेच उचलू नये.

आता तुमच्यासाठी काम. मिरचीचा तिखटपणा मोजण्याची पहिली पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला ते पाहायचे. ढोबळी मिरचीचा आकडा शून्य, ईशान्य भारतातील भूत जोलोकियाचा दहा लाखांवर, शुद्ध कॅप्सेसिनचा सुमारे एक कोटी साठ लाख. आज यंत्राने मोजतात, पण शाळेत स्कोव्हिलची रीत बरी. एकाच मिरचीच्या बियांपासून वाढवलेली दोन रोपे सारख्या डब्यांत, शेजारी शेजारी ठेवा. फळ धरल्यानंतर एकाला रोज पाणी द्या. दुसऱ्याला पाने किंचित मलूल दिसली की मगच. पाण्याचा ताण बसला की बऱ्याच वाणांत कॅप्सेसिन वाढते असे आढळले आहे. तुमच्या वाणात वाढते का? सारख्या वयाची एकेक मिरची तोडा. फुलाला दोरा बांधून तारीख लिहिली असेल तर वय कळेल. प्रत्येकीचे १ ग्रॅम वाटण १०० मिलिलिटर साखरेच्या पाण्यात ढवळून गाळा. मग दर वेळी तेवढेच साखरपाणी घालून निम्मे पातळ करा. शिक्षकांच्या देखरेखीखाली पाच जणांनी, सर्वांत पातळ पेल्यापासून सुरुवात करून, चमचाभर चाखावे. कोणता पेला कोणत्या झाडाचा हे त्यांना सांगू नका. दमा असलेल्याने यात भाग घेऊ नये. दोन चमच्यांमध्ये पाच मिनिटे थांबा, कारण ती झडप वारंवार उघडली की काही वेळ बधिर होते; सांधेदुखीच्या काही मलमांत कॅप्सेसिन घालतात ते याच गुणासाठी. रोज तिखट खाणारा आणि न खाणारा यांचे आकडे जुळणार नाहीत. म्हणून पाच जणांच्या आकड्यांची सरासरी घेण्याऐवजी ते चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, आणि कोणाच्या घरी किती तिखट खातात तेही शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा.